कर्सरखालचा शब्द आणि त्याचा अर्थ

प्रोग्राम लिहिताना फंक्शनचे नाव आठवते, पण ते नेमके काय करते हे आठवत नाही, असे पुष्कळदा होते. अशा वेळी पुस्तक शोधायला न उठता, ज्या एडिटरमध्ये आपण लिहीत आहोत तेथेच त्याची माहिती उघडण्याची सोय आता बहुतेक एडिटरांत असते. सोय चांगली आहे, यात वाद नाही. पण शिकणाऱ्या मुलाला ती कितपत पुरते, हे तपासून पाहिले पाहिजे.

कल्पना जुनी आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. तिची पाने संगणकावर 'मॅन' ही आज्ञा देऊन वाचता येऊ लागली. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विम या एडिटरमध्ये कर्सर शब्दावर ठेवून शिफ्टसह 'के' ही कळ दाबली, की त्या शब्दाचे पान समोर येते. आपल्याकडे टर्बो सी वर शिकलेल्यांना कंट्रोल आणि एफ-१ या कळा आठवत असतील. त्या मदतीत फंक्शनच्या माहितीबरोबर छोटे उदाहरण असे आणि ते उचलून लगेच चालवून पाहता येई.

या पद्धतीचे दोन गुण ठळक आहेत. पहिला, माहिती संगणकातच असल्याने इंटरनेट लागत नाही. बुलढाण्याजवळच्या देऊळघाटसारख्या गावात शाळेची इंटरनेट जोडणी तासाच्या मध्येच बंद पडली, तरी मॅनची पाने उघडतात. दुसरा, ती माहिती त्याच संगणकावर बसवलेल्या आवृत्तीची असते. इंटरनेटवर शोधताना जुन्या आवृत्तीचे उत्तर हाती लागण्याची भीती असते, ती येथे कमी.

आता एक परीक्षा घेऊ. आपण वर्गात शिकवतो की २.५ चे पूर्णांकात रूपांतर करताना ३ घ्यावेत. पायथन ३ मध्ये 'राउंड' या फंक्शनला २.५ द्या, उत्तर २ येते. ३.५ दिल्यास मात्र ४ येते. विद्यार्थी गोंधळतो. तो 'हेल्प' ही आज्ञा देऊन राउंडची माहिती उघडतो. तेथे दिलेल्या दशांश स्थळांपर्यंत संख्या पूर्ण करते, स्थळे न दिल्यास पूर्णांक मिळतो, एवढेच दोन-चार ओळींत सांगितले आहे. अर्ध्यावरच्या संख्येचे काय होते, हे त्यात नाही. ते पायथनच्या विस्तृत माहितीपुस्तिकेत आहे: संख्या दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्ये असेल, तर सम पूर्णांक घेतला जातो.

या नियमामागे विचार आहे. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ यांची बेरीज ८ होते. प्रत्येक वेळी वर ढकलले तर १, २, ३ आणि ४ मिळून १० होतात. सम पूर्णांक घेतले तर ०, २, २ आणि ४ मिळून पुन्हा ८ च होतात. नेहमी वर ढकलल्याने बेरीज फुगते, ती येथे फुगत नाही. उलट, सी भाषेतील 'राउंड' फंक्शन २.५ चे ३ करते आणि त्याच्या मॅन पानावर अर्ध्यावरची संख्या शून्यापासून दूर नेली जाते, असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे एकाच नावाच्या दोन फंक्शनांपैकी एकाची हाताशी असलेली माहिती पुरी आहे, दुसऱ्याची अपुरी. यात दोष कळ दाबण्याच्या सोयीचा नाही. त्या कळेमागे कोणी काय लिहून ठेवले आहे, त्याचा आहे.

दुसरा दोष शब्द जुळवण्याचा. विमच्या नेहमीच्या मांडणीत सी च्या 'प्रिंटएफ' वर कर्सर ठेवून ती कळ दाबली, तर त्याच नावाच्या युनिक्स आज्ञेचे पान उघडते. सी चे पान तिसऱ्या विभागात असल्याने आधी ३ दाबून मग कळ दाबावी लागते. नवशिक्याला हे कोण सांगणार? तो चुकीचे पान बरोबर समजून वाचत बसतो. शिवाय नावच माहीत नसेल, तर कर्सर ठेवायचा कशावर?

तिसरा अडथळा भाषेचा. ही पाने मुख्यतः इंग्रजीत, आणि तीही तज्ज्ञांसाठी आखूड केलेल्या इंग्रजीत लिहिलेली असतात. मुंबईच्या आय.आय.टी.च्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठी निवेदनासह धडे तयार केले, हे मोलाचे काम आहे. पण धडा क्रमाने ऐकायचा असतो आणि अडलेला एक शब्द क्षणात पाहायचा असतो. एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही.

मग शिक्षकांनी काय करावे? प्रथम, एकच फंक्शन एडिटरमधील मदतीत, विस्तृत पुस्तिकेत आणि प्रत्यक्ष चालवून, असे तिन्ही ठिकाणी पाहायला लावावे. तिन्ही उत्तरे जुळतात का, हे विद्यार्थ्यांनी वहीत नोंदवावे. दुसरे, त्यांनी स्वतः अशी माहिती लिहावी. पायथनमध्ये फंक्शनच्या सुरुवातीलाच अवतरणचिन्हांत त्याचे वर्णन लिहिता येते आणि हेल्प दिल्यावर तेच वर्णन समोर येते. ते मराठीतही चालते. सरासरी गुण काढणारे फंक्शन लिहिणाऱ्या मुलीने अर्ध्या गुणाचे काय केले, ते वर्णनात लिहिले आहे का, हे तिच्या शेजारणीने कोड न पाहता केवळ हेल्पवरून सांगावे. सांगता आले नाही, तर वर्णन अपुरे.

एका कळीवर अर्थ मिळणे ही चांगली सुरुवात आहे. पण ज्याने एकदा स्वतः अर्थ लिहून पाहिला आहे, त्यालाच दुसऱ्याने लिहिलेल्या अर्थात काय सुटले आहे, ते दिसते. ही नजर कोणत्याही एडिटरबरोबर मिळत नाही. ती वर्गातच घडवावी लागते.