‘खडबडीत’ कोणाच्या नजरेत? दोन-किरण मॉडेलवर थोडी टीका

दोन-किरण मॉडेल आपण सगळ्यांनीच परीक्षेसाठी सोडवलंय. एक किरण थेट, दुसरा जमिनीवरून परावर्तित. दोघांची बेरीज केली की झालं. मॉडेल चूक नाही. पण शिकवताना पृथ्वी सपाट आणि हवा स्थिर धरतात, आणि आपण तेच उचलून प्रबंधात घालतो. माझी तक्रार ही आहे.

मीही पहिल्या मसुद्यात लिहून बसलो होतो : ‘नांगरलेलं काळं रान खडबडीत, म्हणून परावर्तन नगण्य.’ सरांनी एवढंच विचारलं, “खडबडीत कोणाच्या नजरेत? तुझ्या की तरंगाच्या?”

मग हिशेब केला. अकोला ते मूर्तिजापूर असा साधारण ४० किमीचा कल्पित मायक्रोवेव्ह दुवा घ्या. दोन्हीकडे ५० मीटरचे मनोरे, मध्ये पूर्णा खोऱ्यातल्यासारखी सपाट जमीन, वारंवारता ७ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ४.३ सेंमी. के-गुणक नेहमीचा ४/३ धरला, तर मध्यावर पृथ्वीचा फुगवटा सुमारे २३.५ मीटर. वर उरतात २६.५ मीटर. किरण जमिनीला जेमतेम १.३ मिलिरेडियनने घासतो. रॅलेच्या निकषाने इथे सुमारे ४ मीटरपर्यंतचा चढउतार ‘गुळगुळीत’ ठरतो! ढेकळं सोडा, धुरासुद्धा तरंगाला दिसत नाही. आपलं शिवार त्याच्यासाठी आरसाच.

आणि आपण पुरावा कशाचा देतो? २००० सालच्या एसआरटीएम उंची-नकाशाचा. त्याचा एक चौकोन सुमारे ३० मीटरचा, उंचीतली चूकच काही मीटरची. त्यावरून खडबडीतपणा ठरवणं म्हणजे वजनकाट्यावर ताप मोजणं.

दुसरी गफलत हवेची. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, वरची हवा उबदार राहते, के-गुणक वाढतो. तो खूप वाढला, तर वरच्या दुव्यात दोन किरणांच्या वाटांतला फरक ३.५ सेंमीवरून १२.५ सेंमीकडे सरकतो. परावर्तनात कला १८० अंशांनी उलटते, म्हणून फरक पूर्ण तरंगलांबीएवढा झाला की दोन्ही किरण एकमेकांना कापतात. इथे ४.३ आणि ८.६ सेंमी, दोन्ही वाटेत येतात. म्हणजे दुपारी ठणठणीत असलेला दुवा पहाटे दोनदा खचू शकतो. एकाच के-गुणकाच्या आलेखात हे कधीच दिसणार नाही.

उपाय जुनेच आहेत : एकाच मनोऱ्यावर वर-खाली दोन अँटेना, किंवा दोन टोकांच्या उंच्या वेगळ्या ठेवून परावर्तनबिंदू आडोशाला सरकवणं. पण ते सुचायला आधी आरसा दिसायला हवा.

तेव्हा, प्रस्ताव लिहिताना ‘नगण्य’ हा शब्द आला की थांबा आणि कोन काढा. पाच मिनिटांचं काम आहे. माझं एक अख्खं प्रकरण त्यापायी पुन्हा लिहावं लागलं.