न घडलेल्या गोष्टींचा लेखक

दिवाळीच्या दिवसांत घरात इस्पितळाचा विषय काढू नये, असा आमच्याकडे दंडक आहे. चकलीच्या वासात स्पिरिटचा वास मिसळू नये, असे आमची वडील मंडळी म्हणत, आणि त्यांचे काही चुकत होते असे मला वाटत नाही. तरीही ह्या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा दुसरे काही सुचेना. गेले काही महिने मी डॉ. अतुल गावंडे ह्यांची पुस्तके ओळीने वाचीत होतो आणि ती खाली ठेवल्यावरही माझ्याशी बोलत राहिली. तेव्हा वाचकांनी एक करंजी उचलावी आणि थोडा वेळ माझ्याबरोबर चलावे.

गावंडे हे आडनाव वाचताच वऱ्हाडातल्या माणसाचे कान उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. शिकून डॉक्टर झाले, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहान शहरात स्थायिक झाले. मुलाचा जन्म १९६५ चा, तिकडचाच. तो बोस्टनला शल्यचिकित्सक झाला आणि इंग्रजीत लिहू लागला. पण 'आपला माणूस' म्हणून पाठ थोपटण्यासाठी हा लेख नाही. आपल्या माणसाचे कौतुक करताना आपण त्याचे पुस्तक वाचायचे मात्र सहसा राहून जातो.

आपल्या कथाकादंबऱ्यांतला आणि चित्रपटांतला डॉक्टर आठवून पाहा. तो एक तर देवमाणूस असतो, नाही तर पैशाला हपापलेला कसाई. शस्त्रक्रियेच्या दालनावरचा लाल दिवा विझतो, डॉक्टर बाहेर येतात, चष्मा काढतात आणि सारा निर्णय त्या एका चष्म्यावर होतो. दिवा लागला आणि विझला ह्यांच्या मधल्या वेळात आत काय झाले, कोणी काय विसरले, कोणाला काय सांगायचे राहिले, हे आपल्या लेखकांनी क्वचितच विचारले. गावंडे ह्यांचे सारे लेखन त्या मधल्या वेळाविषयी आहे.

त्यांचे पहिले पुस्तक 'कॉम्प्लिकेशन्स' (२००२). त्यात डॉक्टरांच्या चुकांवर एक दीर्घ निबंध आहे. गावंडे तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते. मोटार अपघातात सापडलेली एक बाई रात्री आणली जाते, तिचा श्वास कोंडू लागतो आणि गळ्याला छेद देऊन वाट करण्याची पाळी ह्या तरुणावर येते. त्याने वरिष्ठाला वेळेवर बोलावलेले नसते, उजेड पुरेसा नसतो, हत्यारे जवळ मांडून ठेवलेली नसतात. छेद नीट जमत नाही. दुसऱ्याच एकाने लहान मुलाला घालायची नळी घशातून सरकवली आणि बाई वाचली. हा प्रसंग सांगताना लेखक स्वतःला माफ करीत नाही आणि छाती बडवूनही घेत नाही. शेजारी दुकानदाराने वजनात झालेली चूक सांगावी, तशा आवाजात तो सांगतो. हा आवाज मला फार मोलाचा वाटतो. कबुलीजबाबाच्या लेखनात बहुधा चुकीपेक्षा कबूल करणाराच मोठा दिसू लागतो. येथे तसे झालेले नाही.

त्याच निबंधात एका साप्ताहिक बैठकीचे वर्णन आहे. रुग्णालयातले शल्यचिकित्सक दाराआड एकत्र जमतात आणि आठवड्यात कोठे चुकले, कोण दगावले, ह्याची उजळणी करतात. गंमत अशी की, जबाबदारी वरिष्ठाने घ्यायची असते. शिकाऊ डॉक्टराच्या हातून झालेल्या गोष्टीबद्दलही तो 'मी' असेच बोलतो. ज्याच्या हातून चूक झाली तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेला! गावंडे ह्यांनी ते बसणे लिहिले आहे. पण त्यांचे म्हणणे तेवढ्यावर थांबत नाही. वाईट माणसे हुडकून काढली की चुका थांबतील, हा समज त्यांना पटत नाही, कारण चुका चांगल्या माणसांच्याही हातून होतात, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी होतात. दाखला भूलशास्त्राचा. जेफ्री कूपर नावाच्या एका अभियंत्याने १९७० च्या दशकात भूल देताना घडलेल्या चुकांचा छडा लावला. तेव्हा असे दिसले की, काही यंत्रांची चावी उजवीकडे फिरवली की औषध वाढे आणि काही यंत्रांची तशीच फिरवली की कमी होई. रात्री दोन वाजता, दमलेल्या हाताला हे कसे आठवावे? माणसाला रागावण्याऐवजी चाव्या सारख्या केल्या.

येथे लेखक म्हणून गावंडे ह्यांच्यापुढची खरी अडचण सुरू होते. जी गोष्ट घडली तिची कथा होते. जी टळली तिची कथा कशी करणार? जंतू रुग्णाच्या रक्तात शिरलेच नाहीत, चुकीचे औषध बाटलीतच राहिले, बाई मंगळवारी घरी गेली आणि बुधवारी तिने भाकऱ्या थापल्या. ह्यात नाट्य कुठले! खलनायक नाही, अश्रू नाहीत. हात धुण्यावर वाचनीय निबंध लिहून दाखवा, असे कोणी मला सांगितले असते तर मी हात जोडले असते.

'बेटर' (२००७) ह्या दुसऱ्या पुस्तकात तो निबंध आहे आणि माझ्या मते गावंडे ह्यांच्या साऱ्या लेखनात तो वरच्या जागी बसतो. व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइस ह्यांची कथा पुष्कळांना ठाऊक असते. प्रसूतिगृहाच्या एका विभागात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी; आणि डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी अधिक मरत. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत. १८४७ साली सेमेलवाइसने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. तरी जगाने त्याचे ऐकले नाही, आणि १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. आपण ही कथा सांगतो ती हुतात्म्याची म्हणून. गावंडे तशी सांगत नाहीत. हा माणूस बरोबर होता, पण आपले म्हणणे त्याने वेळेवर लिहून मांडले नाही. प्रयोगाने पटवण्याऐवजी विरोधकांना खुनी ठरवले. पुस्तक काढले ते १८६१ साली, तेही शिव्यांनी भरलेले. खरे बोलणे आणि खरे पटवणे ह्यांत अंतर असते, हे एवढ्या शांतपणे कोणी सांगितलेले मी वाचले नव्हते. (आमच्या काही समीक्षकांनीही ते प्रकरण वाचावे, मी वाचले आहे.)

पुढे लेखक पिट्सबर्गच्या एका माजी सैनिकांच्या रुग्णालयात नेतो. तेथे जंतुसंसर्ग थांबवण्यासाठी बाहेरचे तज्ज्ञ, नवे नियम, सारे करून झाले होते. तज्ज्ञ निघून गेले की पहिले पाढे पंचावन्न. मग तेथल्या मंडळींनी एक साधी गोष्ट केली. लहान लहान गट बसवले, त्यांत सफाई कामगार, स्वयंपाकघरातली माणसे, परिचारिका, डॉक्टर, खुद्द रुग्णही होते. आणि त्यांनाच विचारले की, हे कसे थांबेल? माणसांनी भराभर सांगितले, कारण बरेचसे त्यांना आधीच ठाऊक होते. कोणी विचारले नव्हते, इतकेच. निबंधाच्या शेवटी गावंडे आपल्याच एका रुग्णाकडे पाहतात. त्याला इस्पितळातच संसर्ग झालेला आहे. कोणाच्या तरी हातून तो आला असणार. तो हात आपलाही असू शकेल, हा विचार त्यांच्या मनात येतो. न दिसणाऱ्या गुन्ह्याची एवढी जवळून झालेली जाणीव मी फार थोड्या रहस्यकथांत पाहिली आहे.

ह्यानंतर 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' (२००९) हाती घेतले, आणि येथे माझी तक्रार आहे. पुस्तकाचा मुद्दा निर्विवाद आहे. पीटर प्रोनोव्होस्ट ह्या डॉक्टरांनी २००१ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पाच ओळींची एक यादी केली. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुवा, कातडी जंतुनाशकाने पुसा, रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाका, टोपी-मुखपट्टी-झगा-हातमोजे घाला, वर निर्जंतुक पट्टी लावा. शाळेतल्या पोरालाही पाठ होईल अशी यादी. पण एखादी ओळ गाळली तर डॉक्टराला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला, आणि खरी क्रांती त्या अधिकारात होती. संसर्ग जवळजवळ नाहीसा झाला. पुढे गावंडे ह्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची एकोणीस कलमांची यादी तयार केली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी, असे तीनदा सर्वांनी थांबायचे. एकमेकांना नाव सांगायचे. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, हे मोठ्याने म्हणायचे. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरली. २००९ साली निष्कर्ष छापले गेले, त्यांत मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ वर आलेले होते.

आकडे डोळे दिपवणारे आहेत, आणि लेखकाचेही दिपले असावेत. आधीच्या पुस्तकांतला शंकेखोर, अडखळणारा माणूस येथे प्रचारकाच्या सुरात बोलू लागतो. १९३५ साली कोसळलेले बोइंगचे विमान, गगनचुंबी इमारतींचे बांधकाम, उपाहारगृहाचे स्वयंपाकघर, शेअरबाजारातले गुंतवणूकदार, जेथे पाहावे तेथे यादीच तारक! विमानाचा दृष्टान्त तर पुस्तकभर घरघरतो. पण वैमानिक आपल्याच विमानात बसलेला असतो. शल्यचिकित्सक संध्याकाळी घरी जेवायला जातो. हा फरक लहान नाही, आणि पुस्तकाने तो जेवढा पचवायला हवा होता तेवढा पचवलेला नाही.

काळानेही ह्या उत्साहाला थोडा चिमटा काढला. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात शस्त्रक्रियेची यादी सर्वत्र लागू झाली. तेथल्या १०१ रुग्णालयांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा यादीआधी आणि यादीनंतर मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे यादी खोटी का? मला तसे वाटत नाही. वरून हुकूम आला, खाली खुणा झाल्या. आपल्याकडे ज्याने एकदा तरी सरकारी कचेरीचे रजिस्टर पाहिले आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. कागदावरची खूण आणि क्षणभर थांबलेला हात ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मौज अशी की, ह्याचे उत्तर गावंडे ह्यांच्याच पिट्सबर्गच्या प्रकरणात होते. सफाई कामगाराला विचारल्याखेरीज इस्पितळ बदलत नाही, हे ज्याने इतके सुंदर लिहिले, त्याच्याच पुढच्या पुस्तकात तो सफाई कामगार फारसा दिसत नाही. तरी एक मान्य केले पाहिजे. यादी छळवाद आहे असे वाटणारे त्या आठ रुग्णालयांतही होते. पण तुमच्यावर शस्त्रक्रिया झाली तर यादी हवी का, असे विचारल्यावर शंभरातले त्र्याण्णव 'हवी' म्हणाले.

आता थोडे घरचे. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. कोठे, ते सांगण्यात अर्थ नाही. माणसे भली होती. त्याच खोलीत आणखी एक कुलकर्णीबाई होत्या. आपल्याकडे खोलीत दोन कुलकर्णी असणे ह्यात नवल ते काय? दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका घाईघाईने आली, वाटीत गोळ्या ठेवल्या आणि निघाली. उशाशी आमची मावशी बसली होती, चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "अगं पोरी, थांब जरा. काल हिला पांढरी गोळी होती, आज गुलाबी कशी?" पोरीने कागद पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. ती गोळी पलीकडच्या बाईंची, साखरेची होती. मी तेव्हा मावशीवरच चिडलो होतो, डॉक्टरांच्या कामात लुडबुड करतेस म्हणून.

मावशीला गावंडे ह्यांच्या यादीत जागा नाही, आणि माझी खरी तक्रार ही आहे. आपल्या इस्पितळात नातेवाईक म्हणजे भेटीला आलेला पाहुणा नव्हे. औषध तोच आणतो, रक्तासाठी तोच धावतो, रात्री सलाइनची बाटली संपत आली की तोच हाक मारतो. आणि खाटेवर बसून, न धुतलेल्या हाताने डबा भरवतो तोही तोच. रुग्णाला तोच वाचवतो, कधी कधी त्याला तोच जंतू आणून देतो. एकोणीस कलमांत त्याच्यासाठी एकही कलम नाही.

गावंडे ह्यांनी हा माणूस पाहिलेला नाही असे मात्र नाही. 'बेटर'च्या शेवटी ते नांदेडच्या रुग्णालयात येतात. गर्दी अफाट, साधने अपुरी, डॉक्टर मोजके. एका रुग्णाच्या छातीत पाणी साठले आहे, ते काढायला नळी हवी आणि नळी रुग्णालयात नाही. डॉक्टर एका चिठ्ठीवर माप लिहून ती रुग्णाच्या भावाच्या हातात देतात. भाऊ उकाड्यात धावत सुटतो आणि दहा मिनिटांत हवी ती नळी घेऊन परत येतो. गावंडे थक्क होतात, त्या डॉक्टरांच्या कौशल्याला मनापासून दाद देतात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. मी मात्र त्या पानावर अडून राहिलो. औषधाच्या दुकानात त्या भावाने चिठ्ठी पुढे केली असेल, माप वाचता येत नसताना दोनदा विचारून घेतले असेल, सुटे पैसे मोजले असतील. त्याच्याविषयी कोणीतरी लिहायला हवे होते, आणि ते लिहू शकेल असा एकच लेखक तेव्हा त्या खोलीत उभा होता.