श्वानकुलाचे वर्गीकरण : दातांचा पुरावा आणि त्याच्या मर्यादा

श्वानकुलाचा उगम सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत झाला. त्याच्या तीन उपकुलांपैकी हेस्परोसायोनिनी व बोरोफॅजिनी ही दोन नामशेष झाली. लांडगा, कोल्हा, खोकड व कोळसुंदा हे सर्व तिसऱ्या, म्हणजे कॅनिनी उपकुलाचे वारस होत. हा इतिहास मुख्यतः जीवाश्मांतील दात व कवटी यांवरून उलगडला. मात्र या पुराव्यावर किती विसंबावे, हा प्रश्न विचारात घेणे आवश्यक ठरते.

जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९४५ च्या आपल्या वर्गीकरणात आशियातील कोळसुंदा, आफ्रिकेतील रानकुत्रा व दक्षिण अमेरिकेतील बुश डॉग यांना सिमोसायोनिनी या उपकुलात एकत्र आणले. तिघांच्या खालच्या जबड्यातील मांस कापणाऱ्या दाढेचा मागील भाग खोलगट नसून धारदार असतो, हे साम्य त्यामागे होते. निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष मात्र टिकला नाही. २००५ मध्ये कुत्र्याच्या जनुकसंचाबरोबर प्रसिद्ध झालेल्या वंशवृक्षात कोळसुंदा व आफ्रिकी रानकुत्रा लांडग्याच्या निकट, तर बुश डॉग दक्षिण अमेरिकी शाखेत आढळला. ज्या सिमोसायॉनवरून उपकुलाला नाव मिळाले, तो जीवाश्म प्राणी तर आज लाल पांडाच्या कुलात गणला जातो. मांसाहाराच्या समान गरजेतून स्वतंत्रपणे घडलेले साम्य येथे रक्ताचे नाते मानले गेले, हाच या मांडणीतील मूलभूत दोष होय.

तथापि, दातांच्या जागी केवळ जनुके प्रमाण मानल्यानेही प्रश्न संपत नाही. कोळसुंदा व आफ्रिकी रानकुत्रा यांच्या पूर्वजांत प्राचीन काळी संकर झाल्याचे २०१८ च्या अभ्यासात दिसून आले. संकर घडला, तिथे वृक्षाची सरळ फांदी अपुरी पडते. शिवाय नामशेष उपकुलांचे जनुकीय अवशेष उपलब्ध नसल्याने तेथे जीवाश्मांचाच आधार उरतो. दोन्ही पुरावे परस्परांना तपासणारे आहेत, पर्यायी नव्हेत.

हा वाद केवळ नावांचा नाही. कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनच्या कोळसुंद्याला कॅनिस वंशात ठेवले. हॉजसन यांनी १८३८ मध्ये त्यासाठी क्युऑन हा वंश स्थापला. आज हा प्राणी त्या वंशाचा एकमेव जिवंत प्रतिनिधी असून त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत होते. त्यामुळे सह्याद्रीतील कळप नष्ट होणे म्हणजे उत्क्रांतीच्या एका स्वतंत्र शाखेचा आधार ढासळणे होय. वर्गीकरणाची चिकित्सा संरक्षणाच्या विचाराशी जोडली जाते ती येथेच.