कर्ज दिलंत, आता जागेचं बोला

पंतप्रधान स्वनिधी योजनेबद्दल आमची तक्रार रकमेची नाही. टाळेबंदीत फेरीवाल्यांचा धंदा बसला, तेव्हा जून २०२० मध्ये ही योजना आली. तारण नाही, पहिलं कर्ज १०,००० रुपये, ते फेडलं की २०,०००, मग ५०,०००. २०२५ मध्ये पहिल्या दोन रकमा १५,००० आणि २५,००० झाल्या. वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज सरकार परत करतं. सकाळी सावकाराकडून पैसे उचलून रात्री व्याजासकट परत करणाऱ्या भाजीवाल्या बाईसाठी हे थोडं नाही, ते आम्ही आधीच कबूल करतो.

पण योजना असं धरून चालते, की फेरीवाल्याकडे फक्त भांडवल नाही. अहो, त्याचं खरं भांडवल म्हणजे जागा! स्टेशनबाहेरचा तो चार-पाच फुटांचा तुकडा, जिथे रोजचं गिऱ्हाईक त्याला ओळखतं. तो तुकडाच भरवशाचा नसेल, तर दहा हजारांचा माल भरून मांडायचा कुठे? कर्जासाठी शिफारसपत्र देते पालिका, आणि माल उचलायला गाडी पाठवते तीही पालिकाच. माल जातो, हप्ता तेवढा राहतो. (बँकेचा हप्ता म्हणतोय आम्ही, दुसऱ्या हप्त्याबद्दल इथे नको बोलायला.)

कायदा नाही का? आहे ना, २०१४ चा पथविक्रेता कायदा, आणि चांगला आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल शुल्क भरून मागितला की त्याच दिवशी परत. मेथीच्या जुडीला दुसरा दिवस नसतो, हे कलम लिहिणाऱ्याला नक्की ठाऊक होतं. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या, त्याही निवडणुकीने भरायच्या. मुंबईत त्या निवडणुकीचं मतदान व्हायला २०२४ उजाडलं.

कर्ज वाटणं सोपं आहे, आकडा दाखवता येतो. जागा द्यायची तर दुकानदार, रहिवासी, वाहनवाले सगळ्यांशी भांडण. आम्हीही त्यातलेच, फुटपाथ मोकळा हवा म्हणतो आणि गाडीतून उतरल्यावर कोथिंबीर तिथेच घेतो.

म्हणून आमची मागणी एवढीच: शिफारसपत्रावर विक्रीची जागा आणि वेळ लिहा, आणि कर्ज फिटेपर्यंत तिथून उठवणार नाही, अशी पालिकेने खाली सही करावी. बँकेलाही ते बरंच पडेल.