पंडिता रमाबाईंची आठ वर्षे : श्रद्धा आणि ईश्वराचे दूरत्व

पंडिता रमाबाईंच्या धर्मजीवनाचे विवेचन बहुधा १८८३ मधील वाँटेज येथील त्यांच्या बाप्तिस्म्यापाशी सुरू होते आणि मुक्तिसदनाच्या कार्यापाशी स्थिरावते. मधली आठ वर्षे मात्र उपेक्षित राहतात. १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आत्मसाक्षीत त्या सांगतात की, त्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता. ख्रिस्त लाभला नव्हता. १८९१ च्या सुमारास ही उणीव भरून निघाली.

साक्ष हा वाङ्मयप्रकार मुक्कामाला पोहोचल्यावर लिहिला जातो. साहजिकच मागील वाट त्यात केवळ अज्ञानाची ठरते. १९७७ साली ग्रंथरूपाने प्रकाशित झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार मात्र वाटेवरच लिहिलेला आहे. त्यातील चित्र निराळे आहे. दुष्काळात आईवडील, १८८० मध्ये बंधू आणि १८८२ मध्ये पती गमावलेली ही विदुषी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्रैक्यादी सिद्धान्तांवर निकराने वाद घालते. सदसद्विवेकाला न पटणारे केवळ चर्चच्या अधिकाराखातर मानण्यास ती नकार देते. श्रद्धाहीनाला इतका खटाटोप करण्याचे कारण नसते.

मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. नामदेव-तुकारामांच्या अभंगांत विठ्ठलाशी केलेले भांडण हे भक्तीचेच एक रूप मानले गेले आहे. ज्याच्या अस्तित्वाविषयी आस्था नाही, त्याच्यावर कोणी रुसत नाही. तथापि हे साम्य ताणता येत नाही. अभंगातील कलह प्रत्यक्ष देवाशी आहे, तर रमाबाईंचा वाद देवाच्या वतीने बोलणाऱ्या माणसांशी आहे. देव दूर वाटण्याचे एक कारण या मध्यस्थीतच असावे, असे पत्रे व साक्ष शेजारी ठेवून वाचल्यास दिसते.

म्हणून साक्षीतील निर्णय खोटा ठरवण्याचे कारण नाही. तो अपुरा मात्र म्हणावा लागतो. उणीव म्हणून नोंदलेला काळ हाच शोधाचा काळ होता. पुढे रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथातील बाविसावे स्तोत्र देवाने केलेल्या त्यागाच्या तक्रारीनेच सुरू होते, आणि मत्तय व मार्क यांच्या वृत्तान्तांनुसार क्रूसावरील येशूच्या मुखी तेच शब्द आहेत. ख्रिस्ती धर्मग्रंथाने ज्या तक्रारीला प्रार्थनेचे स्थान दिले, तिला अश्रद्धा म्हणणे समीक्षेला शोभणारे नाही.