माठ, बरणी आणि मातीचे घोडे

माठ पाझरतो, लोणच्याची बरणी पाझरत नाही. मातीच्या तर दोन्ही. फरक पडतो तो बरणीवरच्या काचेसारख्या पातळ थरामुळे, म्हणजे झिलईमुळे. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या लुका देल्ला रोब्बियाने ही झिलई धार्मिक उठावशिल्पांवर चढवली आणि माती संगमरवराच्या पंगतीला जाऊन बसली.

लुका मुळात संगमरवरात काम करणारा. 1430 च्या दशकात त्याने तिथल्या कॅथेड्रलसाठी गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलांची उठावशिल्पं कोरली. मग तो मातीकडे वळला. आधी आकृती भाजायची, तिच्यावर कथिलाची पांढरी झिलई द्यायची, पुन्हा भट्टीत घालायची. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे देवदूत ही त्याच्या घराण्याची ओळख झाली. त्याचा पुतण्या आंद्रेआ याने 1487 मध्ये तिथल्या अनाथालयाच्या कमानींवर कापडात घट्ट गुंडाळलेली बाळं लावली. उघड्यावर राहूनही ती पाचशे वर्षं टिकली.

इंजिनिअर म्हणून मला या कामाचा हेवा वाटतो. थंड होताना माती आणि झिलई साधारण सारखीच आकसली पाहिजे, नाहीतर तडे जातात. आम्ही लिहिलेला कोड पाच वर्षं चालला तरी पार्टी होते! पण या शिल्पांबद्दल वाचताना एक गोष्ट खटकते. वस्तू टिकली म्हणून ती मोठी, असं जवळजवळ गृहीतच धरलेलं असतं.

आता नर्मदेकडे या. नदीच्या उत्तरेला छोटा उदेपूरचा राठवा आदिवासींचा मुलूख आहे. तिथे नवस फेडायला देवाला मातीचे घोडे वाहतात. कुंभार पाय, धड, मान चाकावर वेगवेगळी घडवतो, जोडतो, भाजतो. झिलई नाही. घोडा झाडाखाली, देवापुढे उभा राहतो, पावसात झिजतो, फुटतो. त्याच्या शेजारी नवा येतो. जुन्याची डागडुजी कोणी करत नाही, कारण तो पोचलेला असतो. इथे टिकतो तो रिवाज, आणि त्याला लागतात कुंभार, माती, झाड आणि ती ठरलेली जागा.

या जागेची किंमत नदीच्या दक्षिण काठावरच्या मणिबेलीने दाखवली. आज नंदुरबार जिल्ह्यात आणि तेव्हा धुळ्यात असलेलं हे गाव, सरदार सरोवरामुळे बुडालेल्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी पहिलं. 1979 च्या नर्मदा लवादाने जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर देण्याचा हिशोब मांडला. गावाजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं आणि गुजरातेत गोऱ्याला नवं बांधलं गेलं. भिंती आणि कळस असलेला देव असा हलवता येतो. डोंगर, झाड, नदीचा काठ हाच ज्यांचा देव, त्यांचा काठ कोणत्या प्लॉटवर बांधून देणार?

देल्ला रोब्बियाचं शिल्प भिंतीवरून काढून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लावलं, तरी बघणाऱ्याला ते पुरतं. चकाकी तीच, निळा तोच. मातीचा घोडा काचेच्या कपाटात ठेवला की सुरक्षित होतो आणि त्याचं काम थांबतं. तरीही आपण दोघांना एकाच फूटपट्टीने मोजतो. एकाला ‘मास्टरपीस’ म्हणतो, दुसऱ्याला ‘लोककला’. मला ही फूटपट्टीच अपुरी वाटते. वस्तू किती वर्षांची आहे हे ती सांगते, पण ती पुन्हा घडवायला काय काय शिल्लक असावं लागतं ते सांगत नाही. विस्थापनाच्या हिशोबातही नेमका हाच रकाना रिकामा राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी संग्रहालयात असा घोडा दिसला, तर फोटो काढण्याआधी खालची पाटी वाचा. तो कोणत्या झाडाखालचा होता, तेवढं लिहिलंय का बघा.