उतरता वेग कुणाचा: बियांचा, सेन्सरचा की कंट्रोलरचा?

संशोधनाला यायचं ठरवलं असेल, तर एक सवय आत्तापासून लावून घ्या. कुठलंही ठाम विधान वाचलं की ‘हे खरं आहे का?’ या प्रश्नाआधी ‘हे मोजलं कशाने?’ असं विचारायचं. आज त्यासाठी एक उदाहरण घेतोय. ते तुमच्या अभ्यासक्रमातलं नाही, पण त्यातली गफलत तुम्हाला प्रयोगशाळेत रोज भेटणार आहे. विषय आहे घरी कॉफी भाजण्याचा, आणि परीक्षण करायचंय एका पुस्तकातल्या एका नियमाचं.

स्कॉट राव यांचं ‘द कॉफी रोस्टर्स कम्पॅनियन’ हे छोटेखानी पुस्तक २०१४ साली आलं. त्यात भाजणीच्या तीन ‘आज्ञा’ आहेत. पहिली: सुरुवातीलाच पुरेशी उष्णता द्या. दुसरी: बियांचं तापमान वाढण्याचा वेग शेवटपर्यंत उतरता राहिला पाहिजे. तिसरी: पहिली तडतड एकूण वेळेच्या ७५ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान सुरू व्हावी. यातली दुसरी आज्ञा सगळ्यात गाजली. वेग मध्येच स्थिर राहिला किंवा वाढला तर गोडवा जातो, आणि धाडकन कोसळला तर चव बेचव, कोरडी होते, असा तो दावा आहे. आज घरी कंट्रोलर बनवणारे बहुतेक जण हा उतरता आलेख मिळावा म्हणूनच खटाटोप करतात.

आधी पुस्तकाचं श्रेय पुस्तकाला देऊ. लोणावळ्यातला चिक्कीचा कारागीर पाकाचा थेंब पाण्यात टाकून पाक झाला की नाही ते सांगतो. भडभुंजा वाळूचा अंदाज घेऊन फुटाणे टाकतो. ही विद्या अस्सल असते, पण ती हातातून हातातच जाते. कागदावर उतरत नाही आणि चुकली तर कुठे चुकली ते कळत नाही. कॉफीची भाजणीही बरीचशी अशीच होती. राव यांनी तिला आलेखाच्या भाषेत बसवलं, आणि नियम असा मांडला की तो चुकीचा ठरू शकेल. हे फार मोठं काम आहे. ज्याला खोटं पाडता येतं त्याच्यावरच संशोधन करता येतं.

अडचण इथूनच सुरू होते. नियमात शब्द आहे ‘बियांचं तापमान’. ते आपण मोजतो का?

माझ्या वडगाव मावळच्या घरी मागच्या गॅलरीत जी जुळणी आहे ती सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. गरम हवेचं पॉपकॉर्न मशीन, के-प्रकारचं थर्मोकपल, त्याचं वाचन करणारी मॅक्स-३१८५५ ही चिप, अर्डुइनो नॅनो आणि हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले. मशीन सोडून बाकी सगळं तपकीर गल्लीत मिळतं. लोणावळा-पुणे लोकलने जाऊन अर्ध्या दिवसात परत येता येतं. कंट्रोलरचा मेंदू म्हणजे ब्रेट बोरिगार्ड यांची अर्डुइनोसाठीची पीआयडी लायब्ररी. तिच्यासोबत त्यांनी २०११ साली नवशिक्यांसाठी एक लेखमाला लिहिली. साध्या पीआयडीच्या कोडमध्ये काय काय बिघडतं आणि ते एकेक करून कसं सुधारायचं, हे त्यात सांगितलंय. ती जरूर वाचा. तांत्रिक लेखन किती प्रामाणिक असू शकतं याचा तो नमुना आहे.

आता तीन आक्षेप.

पहिला, चिपचा. मॅक्स-३१८५५ तापमान पाव अंशाच्या पायऱ्यांनी सांगते. समजा तुम्ही दर सेकंदाला वाचन घेता आणि लगेच वेग काढता. एका सेकंदात आकडा एकच पायरी चढला तर वेग निघतो मिनिटाला १५ अंश; नाही चढला तर शून्य. भाजणीच्या शेवटच्या टप्प्यात खरा वेग साधारण मिनिटाला ५ ते १० अंश असतो. म्हणजे मोजपट्टीची सगळ्यात लहान खूण मोजायच्या वस्तूपेक्षा मोठी! यावर उपाय म्हणून सगळे जण १५-३० सेकंदांतला फरक घेतात, वर आणखी सरासरी काढतात. ३० सेकंदांचा फरक घेतला तर तीच पायरी मिनिटाला अर्ध्या अंशावर येते. छान. पण मग १० सेकंदांत येऊन गेलेली उसळी त्या आलेखात दिसणार कशी? ‘आलेख गुळगुळीत आहे’ हे विधान बियांबद्दल आहे की सरासरीच्या खिडकीबद्दल, ते खिडकीची लांबी लिहिल्याशिवाय ठरत नाही. दोन जणांचे आलेख शेजारी ठेवून वाद घालणारे ही लांबी क्वचितच सांगतात.

दुसरा आक्षेप थर्मोकपलचा. धातूची कांडी तापायला वेळ लागतो. तिचा कालांक २० सेकंद असेल आणि तापमान मिनिटाला १० अंशांनी वाढत असेल, तर कांडी कायम सुमारे ३.३ अंश मागे राहते. सुरुवातीला तर हे अगदी उघड दिसतं. गरम मशीनमध्ये बिया टाकल्या की आकडा झपाट्याने खाली येतो, मग वळतो आणि चढायला लागतो. बिया थंड झाल्या का? नाही, त्या पहिल्या क्षणापासून तापतच आहेत. थंड झाली ती कांडी. म्हणजे वळणानंतरच्या पहिल्या मिनिटातला वेग कांडी आणि बिया यांचा मिळून आहे. त्यात पॉपकॉर्न मशीनमध्ये कांडीभोवती बियांइतकीच गरम हवाही असते. ‘बियांचं तापमान’ हा शब्द तिथे उसना घेतलेला आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कुठलीही थंड वस्तू ठरावीक तापमानाच्या गरम जागी ठेवा. तिचा तापण्याचा वेग आपोआप उतरताच असतो, कारण दोघांमधला फरक कमी कमी होत जातो. भोवतालची हवा २४० अंश धरा. बी १०० वर असताना फरक १४०, बी १९० वर गेली की फरक ५०. हीटरच्या बटणाला हातही न लावता वेग जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. बीमधलं पाणी वाफ होताना हिशोब थोडा बदलतो, पण दिशा तीच. मग ‘माझ्या सगळ्या चांगल्या भाजण्यांत वेग उतरता होता’ या निरीक्षणाला किती वजन द्यायचं? वाईट भाजण्यांतही बहुतेक वेळ तो उतरताच असणार. जे लक्षण दोन्ही गटांत आहे त्यावरून कारण ठरत नाही.

इथे राव यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. नियमाला खरा अर्थ येतो तो पहिल्या तडतडीच्या आसपास. कांडीवर साधारण १९५ ते २०५ अंश दिसत असताना बीमधली वाफ जोरात सुटते. वेग आधी खाली बसतो आणि पुष्कळदा नंतर वर उसळतो. ही घसरण आणि उसळी टाळा, एवढाच दावा उरला तर तो नेमका आहे आणि तपासण्याजोगा आहे. माझी तक्रार इतकीच की, पुस्तकात त्यामागे लेखकाचा दीर्घ अनुभव आणि नोंदी येतात. चव घेणाऱ्याला आलेख माहीत नसताना केलेल्या तुलनेचे आकडे येत नाहीत. अनुभवातून गृहीतक मिळतं. निष्कर्षासाठी प्रयोग लागतो.

मग घरचा कंट्रोलर कशासाठी? उतरता आलेख काढण्यासाठी असेल तर त्यातून नवं काही कळणार नाही. तुम्ही पीआयडीला उतरती रेष दिली आणि त्याने ती तंतोतंत गिरवली, तर आलेखात तुम्हाला तुमचीच रेष परत मिळाली. बियांनी काय केलं ते आता तापमानात नाही, हीटरच्या टक्केवारीत आहे. तडतडीच्या वेळी कंट्रोलरला जास्त उष्णता द्यावी लागली की कमी, हा खरा डेटा. बरेच जण नेमका तोच रकाना साठवत नाहीत.

आणखी एक रकाना हवा: विजेचा दाब. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टचे २०७ झाले, म्हणजे १० टक्के घट, की शक्ती ८१ टक्क्यांवर येते. पावसाळ्यात मावळात दिवे मंद होतात तेव्हा आपण पंख्याकडे बघतो. तुमचा ‘५० टक्के’ हीटर त्या वेळी खरं तर ४० टक्क्यांच्या आसपास असतो. दुपारची आणि संध्याकाळची भाजणी यांची तुलना करताना हा आकडा नसेल, तर तुम्ही कॉफीची नाही, विजेच्या तारांची तुलना करताय.

कांडीची तपासणीही इथल्या हिशोबाने करा. बर्फाच्या पाण्यात शून्य ठीक आहे, पण उकळत्या पाण्यात १०० धरू नका. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं. चिपची स्वतःची त्रुटीच दोन अंशांपर्यंत असू शकते. त्यात आपण हाताने आणखी दोन घालायला नकोत.

आता समजा हा दावा तपासायचा आहे. दोन प्रकारच्या भाजण्या ठरवा: एकीत वेग सलग उतरता, दुसरीत तडतडीनंतर मुद्दाम घसरण आणि उसळी. बियांचं पोतं एकच, एकूण वेळ तीच, शेवटचं तापमान तेच आणि भाजल्यावर वजनातली घट शक्य तितकी सारखी. नाहीतर चवीतला फरक कशामुळे आला ते सांगता येणार नाही. कुठली भाजणी आधी करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, कारण पहिल्या घाण्यानंतर मशीन तापलेलं असतं. मग त्रिकोणी चाचणी: तीन कप, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. बारा वेळांपैकी आठ किंवा जास्त वेळा बरोबर आलं, तर ते निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आहे. सातच वेळा आलं तर ती साडेसहा टक्क्यांच्या पुढे जाते, तेव्हा ढोल वाजवू नका.

यात एक सापळा आहे आणि तो शोधप्रबंधांतही सापडतो. एकाच घाण्याचे बारा कप म्हणजे बारा नमुने नाहीत. कप बारा, नमुना एक. तुमचा दावा भाजणीबद्दल आहे, तर पुनरावृत्तीही भाजणीची हवी: प्रत्येक प्रकारच्या निदान पाच-सहा स्वतंत्र भाजण्या, जमलं तर वेगवेगळ्या दिवशी. आणि फरक ओळखता आला म्हणजे ‘उतरता चांगला’ हेही सिद्ध होत नाही. वेगळा आणि चांगला यांत अंतर आहे. त्यासाठी पसंतीची चाचणी वेगळी करावी लागते.

हे करून बघणार असाल तर सुरक्षिततेचं आधी बघा. सॉलिड स्टेट रिले बिघडला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणजे प्रोग्रॅमने ‘बंद’ म्हटलं तरी हीटर चालूच. म्हणून मशीनमधला मूळचा थर्मल फ्यूज काढू नका, अर्थिंग तपासा, आणि हाताने तोडता येईल असा स्विच जवळ ठेवा. बऱ्याच पॉपकॉर्न मशीनमध्ये पंख्याची मोटर हीटरच्याच वेटोळ्यातून वीज घेते. तिला वेगळा पुरवठा दिल्याशिवाय हीटर कमी-जास्त करायला जाऊ नका. पंखा थांबला आणि हीटर चालू राहिला, तर प्रयोग तिथेच संपतो. २३० व्होल्टच्या जोडण्यांची सवय नसेल तर तेवढा भाग जाणकार वायरमनकडून करून घ्या.

पुस्तक वाचा, नियम लिहून घ्या. मग वहीत त्याच्यासमोर चार ओळी मोकळ्या ठेवा: सेन्सर कुठला, त्याचा कालांक किती, सरासरीची खिडकी किती सेकंदांची, आणि स्वतंत्र भाजण्या किती. दुसऱ्याचा आलेख मान्य करण्याआधी या चार ओळी भरता येतात का बघा. स्वतःचा दाखवायच्या आधी तर भराच.